गुरुवारच्या बाई

"चपला घालूनच या. हितं देव न्हाईत, माणसं हायत."

आमच्या संग्रहालयाच्या दारात बाईंचं हे वाक्य ठरलेलं असे. खेड्यातून आलेली माणसं दारापर्यंत येत, आतली गुळगुळीत फरशी बघत आणि आपसूक वहाणा काढून कडेला लावत. बाई आपल्या टेबलामागून ते बघत आणि तिथूनच हाक देत. तरी कोणी अनवाणी आत आलंच, तर उठून बाहेर जात, त्या चपला स्वतः उचलून आणत आणि त्या माणसाच्या पायाशी ठेवत. माणूस इतका ओशाळायचा की काय सांगावं. पण मग आत फिरताना त्याची चाल बदलायची. तुम्हीही हे कुठंतरी बघितलं असेल. अनवाणी माणूस भिंतीच्या कडेकडेनं चालतो, वहाणा घातलेला मधून चालतो.

बाई संग्रहालयाच्या प्रमुख, मूळच्या उदगीरकडच्या. उंच, अंगानं भरलेल्या. सुती साडी, पदर कमरेला खोचलेला, मनगटावर पुरुषी घड्याळ. चित्रकलेचं शिक्षण हैदराबादेत झालेलं, बोलणं मात्र घरचंच राहिलेलं. कुलगुरूंशी बोलतानाही "हाव सर" आणि "न्हाई सर" हेच. खुशीत असल्या की कानडी बाहेर यायची. बायकांचा घोळका दारात दिसला की "बर्री, बर्री" म्हणत, म्हणजे या, या. कानडी येत नसलेल्या बायकाही ते ऐकून बिनधास्त आत येत.

मी परीक्षा विभागातून बदलून तिथं आलो तेव्हा मला ती शिक्षाच वाटली होती. आमचं विद्यापीठ लहान, नांदेडहून लातूरकडं जाणाऱ्या रस्त्याला लागून. संग्रहालय जुन्या कँटीनच्या इमारतीत. कला विभागातल्या मुलांची आणि शिक्षकांची वर्षानुवर्षं साठलेली चित्रं, जुन्या देवळांतल्या मूर्तींवरून मुलांनी केलेली प्लास्टरची कामं, थोड्या बिदरी सुरया, लाकडी मुखवटे, एवढाच संग्रह. पहिल्या दिवशी बाईंनी मला काम सांगितलंच नाही. एक चक्कर मारून या म्हणाल्या, आणि आल्यावर काय आवडलं ते विचारलं. मी सावधपणे म्हणालो की सगळंच चांगलं आहे.

"सगळंच चांगलं म्हणजे काहीच बघितलं न्हाई," बाई म्हणाल्या. "उद्या परत जा."

मी आठवडाभर नुसता चकरा मारत होतो.

विद्यापीठाच्या फाटकासमोर एसटीचा थांबा आहे, आणि पलीकडच्या गावात गुरुवारी बाजार भरतो. बाजार करून आलेली माणसं थांब्यावर उन्हात बसलेली असत. बस कधी येईल याचा भरवसा नाही. त्यात संग्रहालयाची सुट्टी नेमकी गुरुवारची. बाईंनी ती सोमवारवर ढकलली. व्हरांड्यात बाकं टाकून घेतली, पाण्याचा रांजण ठेवला, आत एका कोपऱ्याला पडदा लावून लेकुरवाळ्या बायकांसाठी पंख्याखाली बसायची सोय केली. माणसं आधी पाणी प्यायला आली. पाणी पिता पिता उघड्या दारातून समोरच्या भिंतीकडं बघू लागली. मग आत आली. वर्षभरात असं झालं की गुरुवारी आमच्याकडं भाजीच्या पिशव्या आणि टोपलीतल्या कोंबड्या ठेवायला वेगळा कोपरा करावा लागला. आसपासच्या गावांत बाईंचं नाव कोणाला माहीत नव्हतं. त्या गुरुवारच्या बाई.

कुलगुरू एकदा पाहुण्यांना घेऊन नेमके गुरुवारी आले. बसायला जागा नव्हती, एक म्हातारा शिल्पांच्या चौथऱ्याला टेकून डुलकी काढत होता. नंतर त्यांनी बाईंना बोलावून सांगितलं की तुम्ही संग्रहालयाचा बसस्टँड करून टाकला आहे.

"हाव सर," बाई म्हणाल्या. "बसस्टँडवर माणसं भरपूर येतात."

कुलगुरू हसले आणि विषय संपला. बाईंपुढं असे बरेच विषय संपत. त्यांना आपलं म्हणणं पटवून द्यायची घाई नसायची, कारण ते बरोबर आहे याबद्दल त्यांना शंका नसायची.

आलेल्या माणसाला त्या चित्र समजावून सांगत नसत. शेजारी उभं राहून एवढंच विचारत, "काय दिसून राहिलं?" समोरचा जे सांगेल ते ऐकून घेत. आमच्याकडं एक मोठं अमूर्त चित्र आहे, पिवळ्या रंगावर पांढरे ओघळ. त्यापुढं एक आजी बराच वेळ उभी राहिली आणि म्हणाली की कढी फुटली. पुढं तो चित्रकार एका कार्यक्रमाला आला तेव्हा बाईंनी सगळ्यांसमोर त्याला ते सांगितलं, वर अभिनंदनही केलं. बिचाऱ्याला ती थट्टा वाटली. बाई मनापासूनच म्हणत होत्या. इतकं नीट कोणी बघितलं म्हणून त्यांना आनंद झाला होता.

वाकळींचं प्रदर्शन भरवलं तेव्हाची गोष्ट तर विद्यापीठात अजून सांगतात. कंधार भागातल्या बायकांनी हातानं शिवलेल्या वाकळी, म्हणजे गोधड्या, आम्ही मागून आणल्या आणि दोऱ्यांवर टांगल्या. प्रदर्शन चालू असतानाच एक बाई आली आणि म्हणाली की घरी पाव्हणे आलेत, माझी वाकळ द्या. मी नियम सांगायला लागलो. तोवर बाईंनी वाकळ उतरवून, घडी घालून तिच्या हातात दिलीसुद्धा. रिकाम्या दोरीला मला चिठ्ठी लावायला सांगितली, "पाहुणे आल्यामुळे वाकळ घरी गेली आहे." लोक त्या चिठ्ठीपाशी सर्वांत जास्त वेळ थांबले.

हे सगळं हसण्यासारखं होतं. पण पुढं जे घडलं त्यात हसण्यासारखं काही नव्हतं, आणि बाई खऱ्या मला तेव्हा कळल्या.

कोठीघरात बांधून ठेवलेली जुनी चित्रं बाईंनी एकदा बाहेर काढली आणि त्यातली निवडक भिंतीवर लावली. त्यात एक मोठं तैलचित्र होतं. डोईवर पदर घेतलेली, फिकट हिरव्या लुगड्यातली बाई स्टुलावर बसली आहे. हात गुडघ्यांवर, उन्हानं रापलेले, नखं तुटलेली. मान ताठ आणि नजर सरळ बघणाऱ्यावर. मागच्या पट्टीवर नाव होतं, "बसलेली स्त्री". कला विभागात व्यक्तिचित्रणाच्या तासाला बाहेरच्या माणसांना मॉडेल म्हणून बसवतात, त्यातलं हे पंचवीसेक वर्षांपूर्वीचं काम. त्या भिंतीजवळून जाताना मी नकळत शर्ट नीट करायचो, असं ते चित्र होतं. विद्यापीठानं ते त्या वर्षीच्या दिनदर्शिकेवरही छापलं.

एका गुरुवारी पन्नाशीकडं झुकलेला एक माणूस आला. स्वच्छ पांढरा सदरा, खिशाला पेन. कुठंही न बघता सरळ त्या चित्रापुढं जाऊन उभा राहिला. बाजारची गर्दी त्याच्या आजूबाजूनं वाहत होती. मग तो ऑफिसात आला आणि म्हणाला, "ती माझी आई हाय."

बाई खुर्चीवरून उठल्याच. मीही आनंदानं चहा सांगायला निघालो. त्यानं हातानं मला थांबवलं आणि म्हणाला की चहा नको, ते चित्र खाली उतरवा.

तो चाकूरचा. जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी. मूळ घर विद्यापीठामागच्या वाडीतलं. आई तिथं रोजानं खुरपायला जायची. वडील लवकर गेलेले. नोकरी लागल्यावर त्यानं आईला चाकूरला नेलं, आणि काही वर्षांपूर्वी ती वारली. आता एका लग्नात वाडीच्या कोणीतरी चारचौघांत त्याला हसत सांगितलं होतं की तुझी आई विद्यापीठात टांगली आहे, पोरांपुढं बसायची म्हणं. त्या हसण्यानं तो जेवणाच्या पंगतीतून उठून आला होता.

"तिनं आम्हाला कव्हाच सांगितलं न्हाई," गुरुजी म्हणाले. "चांगली गोष्ट असती तर लपवली असती का?"

बाईंनी त्यांना बसायला सांगितलं. ते बसले नाहीत. मग बाईंनी एकच विचारलं, "चित्र वाईट वाटलं का तुम्हाला?"

गुरुजींनी दारातून चित्राच्या दिशेनं बघितलं. "चित्र लई चांगलं हाय," ते म्हणाले. "ती समोर बसल्यावानी वाटून राहिलं. त्याचाच तर त्रास हाय."

बाईंनी मला स्टूल आणायला सांगितलं. गुरुवारच्या भर गर्दीत, गुरुजींच्या देखत, त्यांनी ते चित्र उतरवलं. एक बाजू मी धरली, दुसरी त्यांनी. कोठीघरात नेऊन कापडात गुंडाळून ठेवलं. गुरुजी दारात उभे होते. आपलं म्हणणं इतक्या लवकर ऐकलं जाईल असं त्यांना वाटलं नसावं. भांडायची तयारी करून आलेला माणूस रिकाम्या हातांनी उभा राहिला की कसा दिसतो, तसे ते दिसत होते. नमस्कार करून निघून गेले. भिंतीवर रिकामी जागा राहिली. मी विचारलं, वाकळीसारखी चिठ्ठी लावू का. बाई म्हणाल्या, "नको. हे त्यांच्या घरातलं हाय."

कला विभागाचे प्रमुख दुसऱ्याच दिवशी तावातावानं आले. चित्र विद्यापीठाच्या मालकीचं, बाईंनी कोणाला विचारून उतरवलं, असं त्यांचं म्हणणं. मग बैठक बसली. प्रमुख चुकीचं बोलत होते असं मला तेव्हाही वाटलं नाही. त्यांनी तळमळीनं सांगितलं की कोणाला काही खटकलं म्हणून चित्रं उतरवायला लागलो तर भिंती मोकळ्या होतील. आज हा आला, उद्या कोणीही येईल.

"येऊ द्या," बाई म्हणाल्या. "कोणी येत न्हाई ही तर आपली रड होती."

पण तेवढ्यावर त्यांनी वेळ मारून नेली नाही. मालकी विद्यापीठाचीच आहे हे त्यांनी कबूल केलं. फक्त एक मुद्दा मांडला. हे गुरुजी आपल्या आईबद्दल जे समजून बसले आहेत ते खरं आहे का, हे इथं कोणालाच माहीत नाही. तेवढं शोधायला मला सवड द्या, तोवर चित्र कोठीघरात राहील, आणि त्यानंतर तुम्ही म्हणाल ते. बैठकीनं कुरकुरत सवड दिली.

चित्र काढणारी आमचीच जुनी विद्यार्थिनी निघाली. चित्राच्या कोपऱ्यात नुसती आडनावाची सही होती, त्यामुळं सगळे मुलगाच धरून चालले होते. ती इस्लापूरला एका शाळेत चित्रकला शिकवत होती. बाईंनी तिला फोन केला आणि काय झालं ते सांगितलं. ती शनिवारी आली, कोठीघरात कापड सोडून चित्रापुढं बसली आणि रडली. मग तिनं जे सांगितलं ते ऐकल्यावर बाई म्हणाल्या की हे मला सांगून उपयोग नाही, उद्या आपण चाकूरला जाऊ.

मी विचारलं, चित्र सोबत घ्यायचं का. बाई नको म्हणाल्या. चित्र नेलं तर वाटेल की आपण काहीतरी मागायला आलो आहोत.

रविवारी आम्ही तिघं एसटीनं चाकूरला गेलो. गुरुजींचं घर नवं, दारात जास्वंद. आम्हाला पाहून त्यांचा चेहरा आक्रसला, पण पाहुण्यांना दारातून कोणी परत पाठवत नाही. त्यांच्या पत्नीनं पाणी दिलं. गुरुजींची थोरली बहीण, चाकूरलाच दिलेली, भावाकडं आली होती. तीही दाराच्या चौकटीला टेकून बसली.

चित्रकार बाई हळूहळू बोलू लागली. गयाबाई, म्हणजे गुरुजींची आई, विद्यापीठात झाडं लावायच्या कामावर आल्या होत्या. विभागानं त्यांना मॉडेल म्हणून विचारलं. वर्गापुढं त्या दोनदा बसल्या. मुलं होती, मुलीही होत्या, शिक्षक होते. पोरांनी काढलेली चित्रं त्यांनी फिरून बघितली आणि त्यांना एकही आवडलं नाही. सगळ्यांनी त्यांना दमलेली, मान खाली घातलेली दाखवली होती. ही मुलगी तिथं नवीन, किनवटकडची, बोलायला लाजणारी. गयाबाई तिच्याजवळ आल्या.

"मला म्हणाल्या, ही मी न्हाई," ती सांगत होती. "म्हणाल्या, माझी मान वर काढ. मी म्हणलं, मग तुम्हाला परत बसावं लागंल माझ्यापुढं. तर म्हणाल्या, बसते की. बसायची मजुरी देणारी माणसं मी पहिल्यांदाच बघून राहिले."

गुरुजींच्या पत्नीला हसू आलं, तिनं पदर तोंडाला लावला. गुरुजी हसले नाहीत.

मुलींच्या वसतिगृहाच्या व्हरांड्यात, दुपारच्या सुट्टीत, त्या बसायच्या. दोघीच. गयाबाई सारखं पोराबद्दल बोलायच्या. पोरगं लातूरला शिकतंय, गुरुजी होणार आहे. मुलीनं सांगितलं की बोलता बोलता मान आपोआप वर व्हायची, आणि ती वर झाली की मी ब्रश उचलायची. चित्र पूर्ण झालं तेव्हा गयाबाई त्यापुढं उभ्या राहिल्या, पदर सारखा केला आणि म्हणाल्या की हां, आता झाली.

मग गुरुजींनी मघापासून मनात धरलेलं विचारलं, की मग आम्हाला का सांगितलं नाही तिनं.

उत्तर बहिणीनं दिलं. ती खाली जमिनीकडं बघत होती. "मला सांगितलं होतं," ती म्हणाली. "तुला सांगू नको म्हणली. तुझी परीक्षा जवळ आली होती. तुला कमीपणा वाटंल, तुझं ध्यान लागायचं न्हाई, म्हणून. तिला काही वाटत नव्हतं रे. तिला तुझं वाटत होतं."

गुरुजी उठून मागच्या दारानं परसात गेले. बराच वेळ आले नाहीत. मला आतल्या आत भीती वाटत होती की आता रागानं परत येतील. बाई शांतपणे चहा पीत होत्या, बहिणीला शेतात यंदा काय पेरलं ते विचारत होत्या. गुरुजी आले तेव्हा तोंड धुतलेलं दिसत होतं. विचार करतो, एवढंच म्हणाले.

"करा," बाई म्हणाल्या. "घाई कोणाला हाय?"

परतीच्या बसमध्ये मी बाईंना म्हणालो की तुम्ही तिथंच विचारायला हवं होतं, ते कदाचित हो म्हणाले असते. बाई म्हणाल्या की म्हणाले असते, आणि मग आयुष्यभर वाटलं असतं की घरात आलेल्या पाहुण्यांपुढं न्हाई म्हणता आलं न्हाई.

आठवडे गेले. भिंतीवरची जागा रिकामी होती. नेहमीची माणसं विचारायची की इथली बाई कुठं गेली, आणि आमच्या बाई सांगायच्या की घरी विचारायला गेली आहे. विभागप्रमुख येता-जाता चौकशी करायचे. मी स्वतः आशा सोडली होती. बाईंनी सोडली होती की नाही ते कळायला मार्ग नव्हता. त्या जागी दुसरं चित्र लावू का, असं मी एकदा विचारलं, तेव्हा त्यांनी माझ्याकडं फक्त बघितलं.

मग एका गुरुवारी फाटकापाशी जीप थांबली आणि चाकूरचं सगळं घर उतरलं. गुरुजी, पत्नी, बहीण, तिच्या सुना, लेकरं. चित्र बघायचं आहे म्हणाले. बाईंनी कोठीघराचं दार उघडलं, चित्र इझलवर ठेवलं आणि कापड काढलं.

सुनांनी सासूच्या आईला पहिल्यांदाच बघितलं. घरात तिचा एकच फोटो होता, आधार कार्डावरचा. बहीण पुढं गेली आणि तिनं चित्रातल्या हातावरून हात फिरवला. चित्राला हात लावायचा नसतो, मी पाऊल पुढं टाकलं. बाईंनी माझं मनगट धरलं आणि सोडलं नाही.

आता हे चित्र घरी न्यावं असं गुरुजींच्या मनात आलं होतं. त्यांनी तसं विचारलंही. बाई म्हणाल्या की विद्यापीठाचं आहे, सहज देता येणार नाही, पण तुमची तशी इच्छा असेल तर मी तुमच्या बाजूनं भांडेन. आणि त्या भांडल्या असत्या, मला ते पक्कं माहीत आहे. पण बहिणीनं मान हलवली. "घरी नेलं तर आपणच बघणार," ती भावाला म्हणाली. "हितं राहू दे. जो लग्नात हसला ना, त्यालाबी बघू दे."

गुरुजी बहिणीकडं बघत राहिले. मग बाईंकडं वळले आणि त्यांनी एक अट घातली. बसलेली स्त्री हे नाव काढायचं. आईचं नाव लिहायचं, वाडीचं लिहायचं, आणि काढणारीचंही पूर्ण नाव लिहायचं.

"तुम्हीच लिहा," बाई म्हणाल्या आणि त्यांनी जाड कागदाची पट्टी व शाईचं पेन पुढं केलं.

गुरुजींनी टेबलावर वाकून लिहिलं. फळ्यावर लिहितात तसं, मोठं, गोल, सुटं अक्षर. लिहून झाल्यावर मात्र पेनाचं टोपण काही केल्या लागेना, ते सुनेनं लावून दिलं. मग स्टुलावर ते स्वतः चढले. मी चित्र खालून दिलं. त्यांनी खिळ्याला अडकवलं. बहीण लांब उभी राहून सांगत होती, डावीकडून जरा वर, अजून जरा, बास. बाजारची माणसं पिशव्या घेऊन मागं उभी होती आणि त्यांनाही ते कसं सरळ लावावं याबद्दल मतं होती.

त्या पट्टीनं आमच्या संग्रहालयाचं काम बदलून टाकलं. आमच्याकडं हमाल, पाथरवट, बांगड्यावाली, रखवालदार अशी कितीतरी चित्रं नुसत्या धंद्याच्या नावानं लटकत होती. ही माणसं याच आसपासच्या गावांतली होती. बाईंनी मुलांना मोबाईलवर त्या चित्रांचे फोटो देऊन वाड्यावस्त्यांवर धाडलं, आणि गुरुवारी येणाऱ्या प्रत्येकाला विचारायला सुरुवात केली. नावं मिळू लागली. काही माणसं हयात होती, स्वतःला बघायला आली. रखवालदार आपल्या तरुणपणीच्या मिशा बघून खूश झाला. एका घरानं मात्र चित्र नको म्हणून सांगितलं, कारणही दिलं नाही. बाईंनी ते उतरवलं आणि पुन्हा लावलं नाही. विभागप्रमुख आता बाहेरच्या पाहुण्यांना त्या पट्ट्या स्वतः फिरून दाखवतात, आणि आपल्या संग्रहालयात निनावी माणूस शोधून सापडणार नाही असं अभिमानानं सांगतात. बाईंनी त्यांना कधी जुन्या बैठकीची आठवण करून दिली नाही.

पुढं बाई निवृत्त झाल्या. निरोपाच्या कार्यक्रमात भाषण करा म्हटलं तर उभ्या राहिल्या, गुरुवारी वेळेत दार उघडत जा म्हणाल्या आणि खाली बसल्या. उदगीरला आपल्या घरी गेल्या. सुरुवातीला फोन करायच्या, मग ते कमी झालं. गुरुवारी आता मी दारात असतो. माणसं येतात. गर्दी कमी झालेली नाही, हे मला बाईंना सांगावंसं वाटतं.

एकदा दिसल्या. मी लातूरला निघालो होतो. अष्टामोडला माझी बस थांबली, तेव्हा समोर उदगीरची बस उभी होती. खिडकीत बाई. केस पुष्कळ पांढरे झालेले. शेजारी फेटा बांधलेला कोणी म्हातारा. बाई खिडकीबाहेर बोट करून त्याला काहीतरी दाखवत होत्या, आणि तो पुढं वाकून, डोळे बारीक करून बघत होता. मी काच सरकवायला गेलो, ती अडकलेली होती. हाक मारली, पण इंजिनाच्या आवाजात ती कुठली ऐकू जातेय.

म्हणून मग मीही त्या बोटाच्या दिशेनं बघितलं. रस्त्यापलीकडं काढणीला आलेलं सोयाबीन होतं, आणि त्या पिवळ्यावरून एका ढगाची सावली हळूहळू माळाकडं सरकत होती. बाईंची बस सुटली. माझीही सुटली. ती सावली माळावर चढेपर्यंत मी मान वळवून बघत राहिलो.